सातवी फ्लॉपी

माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी तीनला चार माणसं भांडायला जमतात. या मार्चमध्ये त्याला एकोणतीस वर्षं झाली. लग्नानंतर बायकोने एकदा विचारलं होतं, तुमचं नक्की भांडण कशावरून आहे? मी खरं ते सांगून टाकलं: एका दारावरून. त्यानंतर तिने पुन्हा विचारलं नाही. शनिवारी ती सरळ बहिणीकडे जाते.

दुकान संगणकदुरुस्तीचं, ला उनियोन वस्तीत, बसच्या वळणावर. माझं नाव डार्विन. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण माझ्यामागून वॉशिंग्टन येतोय. आम्हा उरुग्वेवाल्यांच्या आईबापांना थोरामोठ्यांची आडनावं पोरांना चिकटवायची भारी हौस. पोरगं पुढे काय दिवे लावणार ते कुणी बघत नाही. वॉशिंग्टन बस चालवतो. तिसऱ्या ऑर्फिलियाबाई, शाळेत साहित्य शिकवून निवृत्त झालेल्या. वय अठ्ठ्याहत्तर, जिभेचं वय अठरा. आणि चौथा एल्बियो, बंदरात क्रेन चालवणारा, आमचा अध्यक्ष. त्याला अध्यक्ष कुणी केलं नाही, तो पहिल्या दिवसापासून होताच.

आमचं दैवत म्हणजे एक जुना गेम, ‘मीठबेटाचं दीपगृह’. त्यात धावपळ नाही, गोळीबार नाही. बेटावर हिंडायचं, दिसेल ते खिशात घालायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं आणि कोडी सोडवायची. आयडा नावाची मुलगी हरवलेल्या बापाला शोधत या बेटावर येते. बाप दीपगृहाचा राखणदार. सात फ्लॉप्यांभर वणवण करून ती शेवटी दीपगृहाशी पोचते, दारावर हात ठेवते, आणि पडदा काळा होतो. संपलं. संगीत नाही, नावं नाहीत. काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक पांढरी रेघ.

बाप आत होता की नव्हता? आम्ही चौघे या एका प्रश्नावर म्हातारे होत आलो. मंडळाचं नावही तेच ठेवलं, ‘काळा पडदा मंडळ’.

आता जे मी एकोणतीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगतो. सातवी फ्लॉपी खराब होती.

चौऱ्याण्णव साली मी रविवारी त्रिस्तान नार्वाहाच्या बाजारात टेबल टाकून बसायचो. एका बाजूला पोपट विकणारा, दुसऱ्या बाजूला जुन्या पुस्तकांवाला, मधे मी आणि माझ्या फ्लॉप्या. मूळच्या की नकललेल्या ते विचारू नका; त्या काळी देशात मूळची फ्लॉपी पाहिलेला माणूस मला दाखवा. ‘मीठबेटा’च्या मी चाळीसेक प्रती काढल्या, सगळ्या एकाच संचावरून. त्या संचातली सातवी फ्लॉपी शेवटच्या क्षणी दगा द्यायची आणि गेम बंद पडायचा. मी गेम शेवटपर्यंत खेळलोच नव्हतो, मला काय माहीत! पुढच्या रविवारी एक जण आला, त्याने सातवी फ्लॉपी मला फेकून मारली, तेव्हा कळलं.

त्याच्यामागून गर्दीतून एल्बियो येताना दिसला. तेव्हा बावीस वर्षांचा, हडकुळा, डोळे लाल. बदलून देतो, असं मी म्हणणारच होतो, तेवढ्यात तो म्हणाला, “हा शेवट कुणी लिहिला?”

मी टेबलावरच्या फ्लॉप्या सरळ करू लागलो.

“माझा बाप एक्क्याऐंशीला ऑस्ट्रेलियाला गेला,” तो म्हणाला. पोपटवाल्याच्या आरडाओरड्यात मला नीट ऐकूही येत नव्हतं. “मी नऊ वर्षांचा होतो. तीन पत्रं आली, मग बंद. तेव्हापासून अर्धे लोक सांगतात, येईल. अर्धे सांगतात, विसर. माहीत नाही असं म्हणणारं हे पहिलंच कुणीतरी भेटलं.”

मी उघडलेलं तोंड मिटलं. ते मिटलं ते मिटलंच.

पुढे इंटरनेट आलं तेव्हा माझी पाचावर धारण बसली. तिथे तर जगभरचे लोक लिहीत होते की दार उघडतं. पण मला एल्बियो कळला नव्हता. त्याने दोन दिवस विचार केला आणि जाहीर केलं की दार उघडणारा शेवट कंपनीने नंतर सीडीवर घुसडला, रडक्या गिऱ्हाइकांना घाबरून. खरी आवृत्ती फ्लॉपीवरची, आणि ती आपल्याकडे आहे. या मुद्द्यावर भांडून तो स्पेनच्या दोन चर्चामंचांवरून हाकलला गेला. हाकलल्याची ती दोन पत्रं त्याने छापून घेतली आहेत.

आणि मी? मी माते ओतत राहिलो. भोपळ्याच्या पेल्यात कडू पाला, त्यात नळी, बगलेत गरम पाण्याचा थर्मास. पेला एकच, तो फिरतो, आणि ओतणारा एकच. पेला परत देताना ‘आभारी आहे’ म्हणायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आभार मानले की त्याचा अर्थ, मला पुरे, आता मला धरू नका. ऑर्फिलियाबाईंच्या बहिणीचा जर्मन नवरा पहिल्याच पेल्याला सभ्यपणे आभार मानून बसला आणि संध्याकाळपर्यंत कोरडा राहिला. एल्बियोने माझ्या हातच्या मातेबद्दल आजवर कधी आभार मानलेले नाहीत. मी थर्मास उपडा करून दाखवीपर्यंत तो पीत राहतो. मंडळाचा आणखी एक नियम म्हणजे ओतणाऱ्याने वादात पडायचं नाही, निकालावर सही करायची नाही. हा नियम मीच काढला. का, ते आता तुम्हाला कळलं असेल.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण एल्बियोच्या मुलीने, अनाहीने, भाग दोन काढला.

सहा पोरंपोरी, जुन्या बिस्किट-कारखान्याच्या माळ्यावर चार वर्षं खपली. कधीच बंद पडलेल्या त्या परदेशी कंपनीच्या माणसाला शोधून त्यांनी हक्क मिळवले. कोडी आणि संवाद सगळे अनाहीचे. तीन आठवड्यांपूर्वी तिने आम्हा चौघांना एकेक प्रत दिली. ‘मीठबेट दोन: वाऱ्याचं घर’. त्या दिवसापासून बापलेक एकाच टेबलावर जेवत होते आणि एल्बियो गेमबद्दल अवाक्षर काढत नव्हता. विचारलं की एकच उत्तर, “मंडळाचा निकाल मंडळात. शनिवारी पाचला ये.”

गुरुवारी ती माझ्या दुकानात आली. हातात मोडका कीबोर्ड होता, पण तो नुसता निमित्ताला.

“डार्विनकाका, एक विचारू? सातवी फ्लॉपी खराब होती ना?”

माझ्या हातातला स्क्रू खाली पडला. तो अजून सापडलेला नाही.

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. हक्क घेताना त्या माणसाने जुनी खोकी पाठवली, त्यात मूळ फ्लॉप्या होत्या. दार उघडतं, काका. पहिल्या दिवसापासून उघडत होतं. सीडीबिडी सगळी बाबाची कथा.”

“मग सांगितलं का नाहीस त्याला?”

“तो चिडलेला मला चालेल. रडलेला नाही चालणार. तुम्हीही सांगू नका.”

“आणि त्याने निकाल उलटा दिला तर?”

ती कीबोर्डवरचं एक बटण दाबत राहिली. “बँकेत जागा मिळतेय मला. सोमवारी हो म्हणायचंय. बाबालाच नाही आवडलं तर पुढचं मी कुणासाठी लिहू?”

सव्वीस वर्षांची पोर बापाच्या एका फ्लॉपीवरच्या श्रद्धेसाठी आपलं चार वर्षांचं काम पाण्यात सोडायला निघाली होती, आणि ती फ्लॉपी विकणारा मी तिला म्हणत होतो, परवा ये, कीबोर्ड तयार ठेवतो. मला माझीच लाज वाटली. खरंच वाटली.

शनिवारी तीनला सगळे आले. वॉशिंग्टन बसायच्या आधीच सुरू झाला.

“तिसरं प्रकरण! तीन बेटं, एक होडी. पाव घ्यायला या बेटावर, तो द्यायला त्या बेटावर, आणि निरोप घ्यायला तिसऱ्यावर. चौदा फेऱ्या मोजल्या मी! अरे, हे मी आठवडाभर करतो, आणि वर पगार मिळतो.”

“पण वाटेत ती पोस्टमास्तरीण भेटते ना,” ऑर्फिलियाबाई म्हणाल्या. “मेल्यावरही पत्रं वाटणारी. काय बोलते! तिचं एकेक वाक्य मी दोनदा ऐकलं.”

“तुम्हाला ऐकू कमी येतं म्हणून, बाई.”

“वॉशिंग्टन, तू माझ्या वर्गात असतास तर अजून त्याच वर्गात असतास.”

“बरं, मग बकरीचं काय? बकरीला टोपी घालायची आणि जकातवाल्याला सांगायचं, ही माझी सासू. हे कुणाच्या बापाला सुचणार?”

“मला लगेच सुचलं. मी तुझ्या सासूला भेटलेय.”

वॉशिंग्टनने दाद म्हणून टेबलावर थाप मारली. मी पेला भरून बाईंना दिला. एल्बियोच्या पुढ्यात मंडळाची जाड वही, त्यावर दोन्ही हात.

“एल्बियो, तू बोल ना,” बाई म्हणाल्या. “चित्रं तरी आवडली का? दुसऱ्या प्रकरणातला तो समुद्र? मी खेळ थांबवून नुसती बघत बसले होते.”

“समुद्र चांगला आहे,” एल्बियो म्हणाला. “समुद्राबद्दल माझी तक्रार नाही. कंदिलाबद्दल आहे. अडलात की कंदील घासा, उत्तर हजर! दुसऱ्या एका गेममध्ये आपण दोरीच्या कोड्यावर अकरा आठवडे अडलो होतो. अकरा!”

“आणि उत्तर मला सुचलं,” वॉशिंग्टन म्हणाला. हे तो दर वर्षी सांगतो आणि आम्ही दर वर्षी ऐकतो. “ओचो दे ओक्तुब्रे रस्त्यावर, भर गर्दीत. बस कडेला घेतली आणि कोपऱ्यावरून फोन केला. चाळीस प्रवासी होते. एक जण घाबरून उतरला, विचारतो, अपघात झाला का? म्हटलं, नाही हो, दोरी ओली करायची होती.”

“ती मजा कंदिलात आहे?” एल्बियो म्हणाला.

“पण आताच्या पोरांना अकरा आठवडे कुठले?” बाई म्हणाल्या. “आणि घासायची सक्ती कुठे आहे? मी नाही घासला.”

“मी घासला,” वॉशिंग्टन म्हणाला. “बकरीपाशी.”

“आणि तो म्हातारा!” एल्बियोचा आवाज आता चढला. “गेम सुरू होतो तोच दीपगृहाच्या आत. म्हणजे दार कधीच उघडून झालंय, बाप सापडलाय, बापलेक एकत्र राहतायत. आणि बाप काय करतो? कटकट! ‘आयडा, खिडकी लाव, वारा येतोय.’ ‘आयडा, ते खिळे टाकू नकोस, लागतील.’ दह्याच्या डब्यांत खिळे साठवतो! असा कुठला बाप असतो?”

असं म्हणत तो उठला आणि माझ्या खोलीची खिडकी लावून परत येऊन बसला. वारा येत होता म्हणून. ऑर्फिलियाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी थर्मासकडे पाहिलं. एल्बियोच्या गॅरेजमध्ये दह्याचे निदान साठ डबे आहेत आणि प्रत्येकावर खिळ्यांचं माप लिहिलेलं आहे.

“मला तर म्हातारा खरा वाटला,” बाई हळूच म्हणाल्या. “ओळखीचा वाटला.”

“बाई, मुद्दा तो नाही. मुद्दा दाराचा आहे.” त्याने वही उघडली. आमचा निकाल दोनच शब्दांचा असतो, ‘दार उघडं’ किंवा ‘दार बंद’, त्याच्यावर कारणं आणि खाली तिघांच्या सह्या. आजवर शंभरावर गेम तोलले, त्यांतल्या नऊच गेमना ‘दार उघडं’ मिळालं. एल्बियोने घसा साफ केला. “लिहून आणलंय. वाचतो. ‘हा गेम पहिल्याचा शेवट मोडून उभा राहिला आहे. काळ्या पडद्यानंतर काही नसतं. ज्यांना हे समजलं नाही त्यांनी हा गेम करायलाच नको होता. दार बंद.’”

वॉशिंग्टनने पेल्यातलं संपलेलं माते पुन्हा ओढून पाहिलं.

“अरे, पोरगी आहे तुझी,” तो शेवटी म्हणाला.

“म्हणूनच. परक्याची असती तर दोन ओळींत उरकलं असतं. बाई, सही करा.”

“मी नाही करणार. मला आवडलाय.”

“एकमताचा नियम आहे. मग निकालच नाही म्हणून सांगू तिला? ते जास्त वाईट. चार वर्षं घातलीत तिने, तिला खरं ऐकायचा हक्क आहे.”

खरं ऐकायचा हक्क. घड्याळात साडेचार झाले होते. मी थर्मास खाली ठेवला. भांडण चालू असताना तो मी कधी खाली ठेवत नाही, त्यामुळे तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

“मला बोलायचंय.”

“ओतणारा बोलत नाही,” एल्बियो म्हणाला. “नियम तुझाच आहे.”

“सातवी फ्लॉपी खराब होती.”

“कसली सातवी?”

“आपली. चौऱ्याण्णवची. मी विकलेली प्रत्येक. जिच्यावरून नकलली तीच बिघडलेली होती, त्या जागी आली की गेम बंद पडायचा. एल्बियो, तो शेवट कुणी लिहिला नाही. सीडीसाठी कुणी काही बदललं नाही. दार आधीपासून उघडतं.”

मग वॉशिंग्टनने सावकाश बाही वर केली. त्याच्या दंडावर पंचवीस वर्षांपूर्वी गोंदवून घेतलेला काळा चौकोन आहे, कोपऱ्यात पांढरी रेघ.

“मग हे काय आहे?” त्याने विचारलं. “मी दंडावर काय घेऊन फिरतोय?”

“बिघाड,” ऑर्फिलियाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थरथरत होता. मला वाटलं चिडल्या, पण त्या हसू दाबत होत्या. “आणि मी, मी नऊ वर्षं मुलांकडून निबंध लिहून घेतला. ‘न उघडलेलं दार’. एका मुलीला त्यावर बक्षीस मिळालं, डार्विन! ती आता संसदेत आहे!”

एल्बियो हसला नाही. “तुला कधी कळलं?”

“तू आलास त्याच सकाळी. तुझ्या आधी एक जण फ्लॉपी मारून गेला होता.”

“आणि तू गप्प बसलास.”

“तू म्हणालास ना, माहीत नाही म्हणणारं पहिलंच कुणीतरी भेटलं. मला ते मोडवेना. आणि नंतर तुम्ही तिघं दर शनिवारी यायला लागलात.” आता थांबून उपयोग नव्हता. “मला तुमच्याशिवाय मित्र नव्हते रे. अजून नाहीत.”

“म्हणजे तसं म्हणणारं कुणी नव्हतंच,” एल्बियो म्हणाला. “नुसती एक खराब फ्लॉपी.” त्याने वहीच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. “चांगली आहे तुझ्याकडे?”

होती. पंचाण्णव साली ब्यूनस आयर्सहून बोटीने येणाऱ्या एकाकडून मागवली होती. तेव्हापासून बिस्किटांच्या डब्यात, फडताळाच्या वरच्या खणात. जुनं यंत्रही होतं. ते मी मरू दिलेलं नाही. शेवटाच्या जरा आधी जतन करून ठेवलेला खेळ उघडला, सातवी फ्लॉपी सरकवली. आम्ही चौघे पडद्यासमोर खुर्च्या ओढून बसलो. आयडाने दारावर हात ठेवला. यंत्र कुरकुरलं. मी डोळे मिटले.

दार उघडलं. आत बाप होता. गुलाबी सदरा, हात पसरलेले. बापलेक गळ्यात पडले. आकाशात शोभेची दारू उडाली, लाल, हिरवी, पुन्हा लाल. पिपाणीछाप आवाजात एक गाणं सुरू झालं. आणि उजव्या बाजूने, डोक्यावर टोपी घालून, उड्या मारत आयडाचा कुत्रा आला.

“कुत्रा?” वॉशिंग्टन ओरडला. “तो तर दुसऱ्या प्रकरणात बुडाला होता!”

“पोहत आला असेल,” बाई म्हणाल्या.

“टोपी घालून?”

एल्बियोचे खांदे हलायला लागले. झालं, रडतोय, असं मला वाटलं. मग आवाज फुटला तेव्हा कळलं. तो इतका हसत होता की खुर्चीचा पाय करकरला. “या कुत्र्यासाठी?” तो म्हणत होता. “या कुत्र्यासाठी मला स्पेनवाल्यांनी दोनदा हाकललं?” बाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. वॉशिंग्टन दंडावरच्या चौकोनाची माफी मागत होता. हसता हसता एल्बियोने बाईंकडे पाहिलं, वॉशिंग्टनकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

तेवढ्यात अनाही आत आली. पाचला दहा कमी होते. हातात बिस्कोचोंचा, बेकरीतल्या खुसखुशीत पावांचा, गरम पुडा होता, आणि समोर पडद्यावर कुत्रा नाचत होता. तिने पुडा छातीशी इतका घट्ट धरला की कागदातून तूप बाहेर आलं.

“काका! मी तुम्हाला सांगितलं होतं ना!”

“म्हणजे तुलाही माहीत होतं?” एल्बियोने विचारलं.

“दोन वर्षं.”

“आणि तीन आठवडे मला तोंड फुगवून बसू दिलंस?”

“तू तोंड फुगवून बसलास की निदान जेवतोस तरी नीट, बाबा. दुःख झालं की जेवत नाहीस.”

त्याने पडद्याकडे बोट केलं. “मग हा कुत्रा का नाही घेतलास?”

“घाण आहे म्हणून. तुझाच शेवट चांगला होता, आमच्या माळ्यावर सगळ्यांना तोच आवडतो. पण काळ्या पडद्यावर भाग दोन कसा करणार? आत कुणाला तरी बसवायला हवं होतं.” ती अजून दारातच उभी होती. “आजोबांना मी कधी पाहिलं नाही. आत कोण असेल असा विचार केला की मला खिडकी लाव म्हणणारा माणूसच दिसायचा. दुसरं कुणी येतच नव्हतं डोळ्यांपुढे.”

एल्बियोने आमच्याकडे पाहिलं. “मी असा बोलतो?”

“हो,” आम्ही तिघे एकदम म्हणालो.

“खिडकीतून वारा येतो म्हणून मी...” तो मधेच थांबला. लावलेल्या खिडकीकडे बघत राहिला. मग त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला, वही जवळ ओढली, लिहून आणलेल्या पानावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहायला घेतलं. आम्ही बिस्कोचोंना हातसुद्धा लावला नाही. लिहून झाल्यावर त्याने निकाल वाचायच्या आवाजात वाचलं.

“‘तिसरं प्रकरण लांब आहे. बकरीचं कोडं अन्यायाचं आहे. कंदील निषेधार्ह आहे. अध्यक्षांनी तो चार वेळा घासला. समुद्र उत्तम. पोस्टमास्तरीण उत्तम. म्हाताऱ्याने साठवलेले खिळे शेवटपर्यंत कुठेच उपयोगी पडत नाहीत, ही गंभीर चूक आहे. साठवलेला खिळा उपयोगी पडलाच पाहिजे. भाग तीनमध्ये सुधारणा अपेक्षित. दार उघडं.’”

“भाग तीन?” अनाहीने विचारलं, आणि तिथेच तिला रडू फुटलं. बाईंनी तिच्या हातातून पुडा काढून घेतला, नाहीतर बिस्कोचोंचं काही खरं नव्हतं.

“खिळे काय तसेच सोडणार आहेस?” एल्बियो म्हणाला.

“नाही, बाबा. सोमवारी बँकेला नाही कळवते.”

“बँक? कुठली बँक?”

“काही नाही. तू सही कर.”

बाईंनी सही केली, वॉशिंग्टनने केली, एल्बियोने केली. खोलीत एकदम गलका झाला. अनाही वॉशिंग्टनला चौदा फेऱ्या सहांत कशा करायच्या ते सांगत होती आणि तो बसच्या मार्गांची उदाहरणं देत होता. एल्बियो वही मिटून बसला होता. त्याने अजूनही माझ्याकडे पाहिलेलं नव्हतं. मुलीचं दार उघडलं होतं. माझं काय, ते मला कळत नव्हतं, आणि विचारायची हिंमत नव्हती.

मला एकच काम येतं, ते मी केलं. थर्मास उचलला, पेला भरला आणि एल्बियोपुढे धरला. दोन थेंब वहीवर पडले. त्याने पेला घेतला. सावकाश, तळाला आवाज येईपर्यंत ओढला. मग पेला दोन्ही हातांत धरून काही वेळ तसाच बसला. बाई आणि वॉशिंग्टन त्याच्या हातांकडे बघत राहिले. त्यांनाही माहीत होतं मी कोणत्या दोन शब्दांना घाबरतोय.

एल्बियोने पेला माझ्याकडे सरकवला.

“पाणी कोमट झालंय,” तो म्हणाला. “एकोणतीस वर्षांत तुला धड पाणी तापवता येईना. जा, दुसरं ठेव.”

मी पाणी ठेवायला उठलो.